घर शेवटी

ऐक. मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. चहा गार झाला तर होऊ दे, परत टाकू. ओवी माझ्याशी का बोलत नाही असं विचारलंस ना? ते सांगायचं तर मला आधी चौगुले सरांच्या दुकानापासून सुरुवात करावी लागेल, आणि त्या दुकानाबद्दल मी चांगलं काही बोलणार नाहीये, आधीच सांगते.

'शुभजुळणी'. सांगलीत, विश्रामबागेत, खाली मिठाईवाला आणि वर आम्ही. बोर्डावर गणपती आणि खाली 'विवाहपूर्व फाईल-जुळणी, पंचवीस वर्षांचा अनुभव'. अगं, कारभारी बाजारात येऊन नऊ वर्षं झाली! पंचवीस कुठून आणली? तर त्याआधी सर त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून पत्रिका जुळवायचे. छत्तीस गुणांचा तक्ता अजून भिंतीवर आहे. काढला नाही, कारण खाली रंग उडालाय.

आता कारभारी. आत्ता तुझ्या कानामागे आहे तोच, हरभऱ्याच्या डाळीएवढा. लोकांना वाटतं तो फार हुशार आहे. डोंबल! तो विचार-बिचार काही करत नाही. तो फाईल वाचतो, साधी अक्षरांची फाईल. एका ओळीत एक गोष्ट, अमुक आलं तर तमुकाने उघडायचं. आपल्या आयांच्या वेळी फोटो कुठल्या ॲपात उघडायचा, लिंक कुठल्या, एवढंच ठरवायचे. 'कायम यातच' असं दाबलं की झालं डीफॉल्ट. आता तेच माणसांना लावलंय. वीजबिल आलं तर बँकेने उघडायचं. मावशीचा फोन आला तर कारभाऱ्याने तुझ्याच आवाजात 'हो गं मावशी, हो गं' करायचं. आवाज कुठून आणतो? तू बोलतेस तेव्हा जबड्याचं हाड थरथरतं, ते कानामागे बसून तो ऐकतो, आणि महिन्याभरात तुझ्या आवाजात तुझ्यापेक्षा गोड बोलायला लागतो. कायद्याने तो आवाज म्हणजे तुझी सही.

एखाद्या गोष्टीला ओळच नसेल तर तो तुला विचारतो. तीनदा विचारलं आणि तीनदा तू 'नंतर' म्हणालीस की चौथ्यांदा विचारत नाही, स्वतःच ओळ लिहून मोकळा होतो. कंपनी म्हणते, तो शिकला. शिकला कसला? आपण आळशी आहोत एवढंच त्याला कळलं.

आणि फाईल एक नसते, तीन असतात. आधी कंपनीची, मग घराची, मग तुझी. एकाच गोष्टीला तिघांनी तीन ओळी लिहिल्या तर जी फाईल शेवटी वाचली जाते तिचं खरं. साधारण माणसाची शेवटी असते. लग्नात मुलीची फाईल सासरच्या घरफाईलशी जुळवायची, जिथे पटत नाही तिथे एकेक विचारायचं की कुणाची ओळ ठेवू. हे आमचं काम. नीट केलं तर दोन दिवस लागतात. नीट करतंय कोण!

तर ओवी. ओवी तोडकर, वसतिगृहात माझ्या शेजारच्या कॉटवरची. तू तिला एकदाच भेटलीस, पण तेवढ्यातही तिने तुला नदीबद्दल ऐकवलं असणार. ही मुलगी सहावीपासून रोज सकाळी आयर्विन पुलावर जाऊन कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे ते वहीत लिहायची. रोज! आम्ही हसायचो. पुढे त्यातच शिकली, आणि वरच्या धरणावर नवीन पूर-अंदाज केंद्र निघालं तिथे अर्ज केला. सहा जागा, हजारो अर्ज. निकालाची वाट बघता बघता स्थळ आलं शार्दूल नेर्लेकरचं. मुलगा बरा होता. बरा म्हणजे कसा, पंख्यासारखा. चालू असतो, वारा येतो, तक्रार नाही.

याद्यांची बैठक तोडकरांच्याच घरी होती. हल्ली देण्याघेण्याच्या यादीबरोबर फाईलची यादीही करतात, म्हणून सर आणि मी यंत्र घेऊन गेलेलो. कागदाला हळदीकुंकू लागलं तसं यंत्रालाही लागलं, पडदा पुसताना माझी बोटं पिवळी. ओवीने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"शर्वे, बाकी काय हवं ते त्यांचं ठेव. चहा किती वाजता, पंखा किती वर, कुणाच्या वाढदिवसाला आधी कुणी फोन करायचा, सगळं त्यांचं. एक ओळ तेवढी माझी."

"कुठली?"

"केंद्राचा फोन आला तर सरळ माझ्या कानात. दुसऱ्या कुणाच्या नाही."

"बास? एवढंच?"

"एवढंच. वचन दे."

दिलं. तिच्यासमोर ओळ लिहिली, तिला वाचून दाखवली. ती हसली आणि साडी सावरत बाहेर गेली.

आणि बाहेर तिच्या मामांना उमाळा आला! आपल्याकडे येतोच. "मुलगा इथं, मुलगी इथं, चार माणसं जमलीत. दोनदा मांडव कशाला? यादी पे शादी करून टाका!" झालं. टाळ्या. भटजींना फोन, ते म्हणाले बारा चाळीसचा मुहूर्त आहे, मी निघालोच. घड्याळात बारा पाच. एक जण हार आणायला पळाला, एक जण पेढे, आणि माझ्यापुढे तीनशे बारा ओळी, न पटलेल्या. यंत्र मोठ्याने एकेक विचारायला लागलं, तोडकर की नेर्लेकर? तोडकर की नेर्लेकर? पहिल्याच ओळीला ओवीच्या बाबांनी तोंड उघडलं तर मामा म्हणाले, "अहो, यादीत नाही म्हणायचं नसतं. अपशकुन होतो." बाबांनी तोंड मिटलं. शहाण्णव साखर कारखान्यांचं ऑडिट केलेला माणूस, पण तोंड मिटलं.

सर माझ्या कानात पुटपुटले, "सगळं मान्य दाब."

तसं बटणच आहे, माहितीय? 'वरपक्ष सर्व मान्य'. मी नोकरीला लागले तेव्हा सरांना विचारलं होतं, उलटं बटण कुठाय, वधूपक्ष सर्व मान्य? सर म्हणाले, "डीफॉल्टच तसं आहे." जणू आभाळातूनच पडलंय.

दाबण्याआधी पडद्यावर एक पिवळी पट्टी आली. 'क्रम : घर शेवटी. पुढे जायचं?' मी ती पाहिली. हे नीट ऐक, मी ती पाहिली. दोन सेकंद पाहिली. मागे सर पेढ्याचा बॉक्स घेऊन उभे, भटजींची स्कूटर दारात. म्हटलं असेल काहीतरी, ओवीची ओळ तर लिहिलीय. दाबलं. बारा अडतीस. अक्षता पडल्या, मी पेढा खाल्ला. चांगला होता.

मग पाच महिने. निकाल फोनवरच कळवणार होते. तो लागला, ओवीला कुणाचाच फोन आला नाही. मला म्हणाली, "नाही घेतलं गं. त्यांना माझ्या वह्यांचं काय?" मी म्हटलं, मूर्ख आहेत. तिच्या सासरी सगळ्यांनी फार समजूतदारपणा दाखवला, तो तर मला सगळ्यात जास्त डोक्यात जातो. शार्दूल म्हणाला, नदी काय, इथेही आहे. चुलतसासऱ्यांनी बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेचा अर्ज आणून दिला. अकरा वर्षं नदी मोजणाऱ्या मुलीला क्लार्कचा अर्ज, आणि वर 'तेवढंच मन रमेल'!

आणि त्या शुक्रवारी मला नेर्लेकरांकडून दुरुस्तीचं बोलावणं आलं. ओवीच्या सासूबाई, रूपालीकाकू, म्हणाल्या, "हल्ली आमचा कारभारी अडखळतो बघ." मी गेले दुपारी तीनला. ओवी मिरजेला त्या बँकेच्या परीक्षेला गेलेली, दोन ते साडेपाच. परीक्षेला आत सोडताना कानातला कारभारी काढून घेतात. घरात काकू, आबा म्हणजे शार्दूलचे आजोबा, आणि शार्दूल, सोफ्यावर, चालू.

मी घराची पेटी उघडली. सगळ्यांच्या फाईली आणि नोंदी त्या पेटीत असतात, कानातली डाळ नुसतं तोंड. नोंदी खाली सरकवतेय, सरकवतेय, आणि थांबले. पूर-अंदाज केंद्र. चार फोन.

पहिला, कागदपत्रं घेऊन कधी येता? ओवीच्या आवाजात उत्तर, "आत्ता शक्य नाही, क्षमस्व." दुसरा, मग पुढच्या आठवड्यात? "आत्ता शक्य नाही, क्षमस्व." तिसरा, अभिनंदन, आपली निवड झाली आहे. अगं, निवड झाली आहे! आणि ओवीच्या त्या गोड आवाजात, "आत्ता शक्य नाही, क्षमस्व."

चौथा त्याच आठवड्यातला, मंगळवारचा. कुणी इनामदार मॅडम, स्वतः बोलत होत्या. म्हणाल्या, "मी तुमच्या वह्या वाचल्यात. अकरा वर्षं रोज पाणी मोजणारी मुलगी असं दोन शब्दांत नाही म्हणते हे मला पटत नाही. शुक्रवारी पाचपर्यंत जागा धरून ठेवते. तुमच्या आवाजातला होकार आला नाही तर पुढचं नाव." उत्तर तेच.

घड्याळ बघितलं, चारला दहा कमी.

कसं झालं ते शोधायला मला तीन मिनिटं लागली. नेर्लेकरांच्या घरफाईलमध्ये कंपनीच्या कौटुंबिक पॅकमधून आलेली एक ओळ आहे, सुनेला अनोळखी फोन आला तर घरातल्या मोठ्या बाईच्या सवयीप्रमाणे उत्तर द्यायचं. आणि काकूंची सवय? त्यांना रोज प्लॉटवाल्यांचे फोन यायचे. तीनदा 'नंतर' म्हणाल्या, कारभारी शिकला. आत्ता शक्य नाही, क्षमस्व. म्हणजे प्लॉट विकणाऱ्याला जे उत्तर, तेच ओवीच्या नदीला. आणि मी लिहिलेली ओळ? होती ना, जशीच्या तशी, ओवीच्या फाईलमध्ये. पण या घरात माणसाची फाईल आधी वाचतात आणि घराची शेवटी. माझी ओळ म्हणजे पाटावर रांगोळीने लिहिलेलं नाव, वरून ताट ठेवलं की संपलं.

मी ओरडलेच. "घर शेवटी हे कुणी केलं?"

आबांनी हात वर केला, वर्गात करतात तसा. "म्या केलं. दोन हजार छत्तीस साली. ही पोरं सारखी टीव्ही बातम्यांवरनं क्रिकेटवर लावायची. मग दुकानदार म्हणाला, घर शेवटी करा, कुणाला बदलता येणार न्हाई."

टीव्ही! ऐकलंस ना? टीव्हीच्या भांडणात लिहिलेल्या एका ओळीने पोरीची नदी गिळली. एखादा खलनायक असता तर मला बरं वाटलं असतं, निदान कुणाकडे बघून थुंकता आलं असतं. इथे एक म्हातारा, एक प्लॉटवाला आणि एक पंखा.

मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. काकू मटकन बसल्या. शार्दूल म्हणाला, मी शब्द न् शब्द सांगते, "मला खरंच माहीत नव्हतं. पण बघ ना, डीफॉल्टच तसं आहे."

"मग बदलायचं होतंस! तुझी बायको पाच महिने उशीत तोंड खुपसून रडतेय!"

"तिने कधी सेटिंगबद्दल तक्रार केली नाही."

बघ. असल्या माणसाला मी काय म्हणू?

बरं, करायचं काय? परीक्षा केंद्राला फोन लावला, रखवालदाराच्या कारभाऱ्याने सांगितलं, परीक्षा सुरू आहे. मिरजेला जाऊन फाटकावर डोकं आपटलं तरी साडेपाचच्या आधी सोडत नाहीत. इनामदार मॅडमना लावला, तर त्या पाण्यावर, मोजणीला गेलेल्या, आणि त्यांचा कारभारी म्हणाला, पाचला यादी आपोआप बंद होते. म्हणजे तिथेही डीफॉल्ट.

दुरुस्तीवाल्यांकडे मूळ चावी असते. त्या चावीने मी क्रम बदलू शकत होते. ते नियमात बसतं, आणि बदललाही, दोन मिनिटांत, माणूस शेवटी. पण त्याने होकार थोडाच जाणार होता? होकार ओवीचा लागतो. आणि तीच चावी अजून एक गोष्ट करू शकते, जी करायची नाही म्हणून पहिल्या दिवशी सही घेतात. दुसऱ्याच्या आवाजात बोलू शकते. मी टाईप करायचं, पेटी ओवीच्या आवाजात म्हणणार. लायसन जातं, वर गुन्हा.

शार्दूल उठला. पाच महिन्यांत पहिल्यांदा उठला असेल. म्हणाला, "असं नको करूस. ती आल्यावर तिला विचारू."

"पाचला संपतंय रे!"

"तरी. तिचं उत्तर आहे. आपण कसं देणार?"

मला इतका राग आला, कारण आयुष्यात पहिल्यांदा तो बरोबर बोलला होता आणि तेही नेमकं चुकीच्या वेळी! मी म्हटलं, "पाच महिने दिलंत तेव्हा नाही विचार आला?" मग म्हणतो, "नशिबात असेल तर पुढच्या वर्षी." झालं, परत पंखा.

चार बावन्न. काकू उठल्या, पदराने तोंड पुसलं. "मला कुणी विचारलं असतं ना," त्या म्हणाल्या, "तर मी हो म्हटलं असतं गं. पण या घरात मलाही कधी कुणी काही विचारलेलं नाही." आणि चहा टाकायला आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "मी आत आहे. मला इथलं काही दिसत नाही."

मी टाईप केलं. 'हो. मी येते. सोमवारी हजर होते.' बोट त्या बटणावर, आणि तुला खरं सांगते, मला यादीचा दिवस आठवला. तेच बोट, तीच घाई, मागे कुणीतरी उभं. चार सत्तावन्न.

दाबलं.

पेटीतून ओवी बोलली, अगदी ओवीच, तिच्या त्या 'हो'मध्ये किंचित दम लागतो तसा दमसुद्धा लागला. आणि पलीकडून, स्वीकार नोंदवला.

ओवी सव्वासहाला आली. मी अंगणातच पकडलं तिला. सगळं सांगितलं, चारही फोन ऐकवले. इनामदार मॅडमचा ऐकताना ती पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली, मला घट्ट धरून. म्हटलं, सुटलो. मग शेवटचा ऐकवला. तिचा होकार.

तिने परत लावायला सांगितला. परत ऐकला. मग माझा हात सोडला.

"हे मी कधी म्हटलं?"

"अगं, तू परीक्षेत होतीस, तीन मिनिटं उरली होती, मी..."

"मी हो म्हणणारच होते, शर्वे. अकरा वर्षं तो एक शब्द जपून ठेवला होता. आणि तोही तूच म्हणून टाकलास."

"मग काय जाऊ देऊ हातातनं?"

तिने कानामागचा कारभारी काढला, तळहातावर घेऊन बघत बसली. आत शार्दूल आबांना टीव्ही लावून देत होता. आवाज येत होता, बातम्यांचा.

"यादीच्या दिवशी," ती म्हणाली, "क्रमाचं तुझ्या पडद्यावर आलं असेल ना? पिवळं का काहीतरी येतं म्हणतात. पाहिलं होतंस?"

मी खोटं बोलू शकले असते. "हो," म्हटलं, "पाहिलं होतं. पेढे आले होते."

ती हसली. त्या हसण्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. मी नेर्लेकरांना हसायचे ना, आबांना, पंख्याला, प्लॉटवाल्याला? त्या हसण्यात मी त्यांच्याच रांगेत होते, सगळ्यात पुढे.

सोमवारी ती गेली वरती, धरणावर. गेली, हं. रोज पाणी मोजते, काकू तिला भेटायला एकट्या एसटीने जाऊन आल्या, येताना माझ्यासाठी तिने काही दिलं का म्हणून मी विचारलं, तर काकू म्हणाल्या, "हवा छान आहे तिथली." माझं लायसन गेलं. सर म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?" आणि ते बटण अजून तिथेच आहे, उलटं बटण अजून नाहीये, परवा सरांनी खालच्या मिठाईवाल्याच्या मुलीची फाईल जुळवली, बावीस मिनिटांत.

आणि ओवीला मी रोज फोन करते. उचलते ती लगेच, पहिल्या रिंगला. "शर्वे, कामात आहे गं, नंतर बोलते हं." इतकं गोड, अगदी दम लागून. पहिल्यांदा मला खरंच वाटलं, तीच आहे. तिसऱ्या दिवशी कळलं, कारभारी बोलतोय. मीच शिकवलं होतं तिला, ओळ कशी लिहायची ते.

आता तो त्या शुक्रवारचा 'हो' मला रोज ऐकू येतो, आणि मला अजून कळत नाही की मी तिची नदी तिला परत दिली की तिच्या हातातून दुसऱ्यांदा काढून घेतली. तू सांग. आणि शार्दूलसारखं 'ती आल्यावर विचारू' म्हणू नकोस, ते मलाही येतं. चार सत्तावन्न झालेत, ती परीक्षेच्या हॉलमध्ये आहे, बोट बटणावर आहे. काय केलं असतंस तू?